यमुना तारकासमूह : आकाशातली नदी आपल्या समुद्रात बुडताना पाहिली

कातळफूल

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी शेजारच्या गावची जत्रा होती, देवगडच्या खाली. दशावतार ऐन रंगात असताना लेक मांडीवर झोपली म्हणून मी आणि हे मधेच उठलो आणि सड्यावरून चालत घरी निघालो. बारा वाजून गेले होते. आमचा सडा म्हणजे नुसता कातळ, झाड नाही की दिवा नाही, डिसेंबरात वाळलेलं गवत पायाखाली कुरकुरत असतं आणि उजव्या हाताला खाली समुद्र. तर समोर, जरासं उजवीकडे, पाण्याच्या वर एकच दिवा दिसला. मला वाटलं ट्रॉलर असेल. हे म्हणाले, एवढ्या वर ट्रॉलर कसा असेल? पांढरा-निळसर होता, मधेच लाल, मधेच हिरवा व्हायचा. लेकीला खांद्यावर घेऊन आम्ही दहा मिनिटं तिथेच उभे राहिलो आणि तेवढ्यात तो चांगला दोन पौर्णिमेच्या चंद्रांएवढा खाली सरकला. म्हणजे ताराच.

घरी येऊन मोबाइलवर नकाशा लावून बघितलं तर तो अग्रनद निघाला. यमुना तारकासमूहातला सगळ्यात तेजस्वी तारा, आणि त्या नदीचं शेवटचं टोक.

मी लहानपणापासून आकाश बघते, आबांनी खळ्यात बाज टाकून तिकांडं, व्याध, कृत्तिका, रोहिणी सगळं दाखवलं होतं. पण मृगाच्या पायाशी एक अख्खी नदी उगम पावते आणि वळणं घेत घेत दक्षिणेला जाते हे मला चाळिशीला आले तरी माहीत नव्हतं याचं खरंच वाईट वाटलं. गेले चार दिवस मिळेल ते वाचतेय. ८८ तारकासमूहांत आकाराने ही सहावी आणि उत्तर-दक्षिण लांबी बघितली तर हिच्याएवढा लांब दुसरा कुठलाच नाही, जवळजवळ ५८ अंश. म्हणजे क्षितिजापासून डोक्यापर्यंत ९० धरलं तर त्याच्या निम्म्याहून बरीच जास्त.

हा धागा मुद्दाम काढला कारण मला वाटतं की ही नदी उगमापासून मुखापर्यंत नीट बघायला कोकणाएवढी चांगली जागा आपल्याकडे थोडीच असेल. कुणी बघितलीय का? आणि तिथे नदीच का कल्पिली, त्यामागच्या कथा काय, हे जाणकारांनी सविस्तर लिहा. घाई नाही, लांब लिहिलंत तरी मी सगळं वाचणार आहे.

दुर्बीणवाला

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी रत्नागिरीत असतो, आठ इंची डॉब्सन दुर्बीण आहे, दर हिवाळ्यात हिच्या काठाने एकदा तरी जातोच.

आधी वाट सांगतो म्हणजे सगळ्यांना शोधता येईल. मृगातला खालचा निळा-पांढरा तेजस्वी तारा म्हणजे राजन्य. हात लांब करून राजन्यपासून दोन बोटं अंतर घ्या, तिथे एक मध्यम तारा आहे, कुर्सा. हा उगम. अरबी नाव आहे, पाय ठेवायचं आसन असा अर्थ, आणि गंमत म्हणजे ज्या अरबी शब्दापासून हे नाव आलं त्याच शब्दापासून फारसीतून आपली ‘खुर्ची’ आली. तिथून नदी पश्चिमेला निघते, तिमिंगल तारकासमूहाच्या दिशेने. वाटेत एक तांबूस तारा लागतो, झौराक, त्याचा अर्थ होडी! तुम्हाला अग्रनद होडीचा दिवा वाटला आणि त्याच नदीत खरंच एक होडी आहे, हे वाचताना अंगावर काटा आला. मग तिमिंगलाजवळ जाऊन नदी मोठं वळण घेते, परत पूर्वेला येते, पुन्हा वळते आणि दक्षिणेला उतरत उतरत अग्रनदाला मिळते.

मधले बहुतेक तारे तिसऱ्या-चौथ्या प्रतीचे आहेत (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी), म्हणून शहरातून नदी दिसतच नाही, फक्त सुरुवात आणि शेवट दिसतो. सड्यावरून मात्र दिसते. एका नजरेत नाही दिसणार, तारा-तारा जोडत जावं लागतं, खाडीच्या कडेकडेने चालत मुखापाशी जावं तसं.

अग्रनदाची प्रत ०.४६ आहे, रात्रीच्या आकाशातल्या पहिल्या दहा तेजस्वी ताऱ्यांत येतो, अंतर सुमारे १४० प्रकाशवर्षं. आणि तो गोल नाहीये. इतक्या जोरात स्वतःभोवती फिरतो, विषुववृत्तावर सेकंदाला साधारण २५० किलोमीटर (आपल्या सूर्याचा वेग २ किलोमीटरच्या आसपास), की कुंभाराच्या चाकावरचा गोळा फुगावा तसा कमरेत फुगलाय. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणी एकमेकींना जोडून २००३ मध्ये त्याचा आकार मोजला तेव्हा रुंदी उंचीच्या दीडपट आली होती, पुढच्या मोजणीत ती थोडी कमी झाली, तरी एक तृतीयांशाने जास्त आहेच.

गिरगाव_ते_गावखडी

मुंबईतून कधीच दिसला नाही. गावी गेलो की बघतो. वेळ सांगा कोणीतरी.

दुर्बीणवाला

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून दीड मूठ वर (हात लांब करून एक मूठ म्हणजे १० अंश धरा). रत्नागिरीहून जास्तीत जास्त १६ अंश चढतो. मुंबईहून १४ च्या आत, दिल्लीहून जेमतेम ४, म्हणजे तिकडे इमारतींच्या मागेच जाणार. दर दिवशी चार मिनिटं लवकर येतो, त्यामुळे जानेवारीच्या दहा तारखेला सातलाच बरोबर दक्षिणेला असेल, त्यानंतर संध्याकाळी अंधार पडला की लगेच बघायचा. आपल्या किनाऱ्याचं विशेष म्हणजे तो मावळतो दक्षिणेपासून तीसेक अंश पश्चिमेला. तिथे आपल्याला डोंगर नाही, बिल्डिंग नाही, थेट पाणी.

वेलदूरची_माई

कथा मी सांगते. ग्रीकांचा सूर्यदेव हेलिओस, त्याचा मुलगा फेथॉन. आई क्लायमेनी. पोरं त्याला चिडवायची की तुझा बाप सूर्य कशावरून, म्हणून हा बापाकडे गेला आणि सूर्याने प्रेमाच्या भरात वचन दिलं की माग काय हवं ते. पोराने मागितलं, एक दिवस रथ मला हाकू दे. बापाने परोपरीने समजावलं पण वचन दिलेलं होतं. पहाटे रथ निघाला, घोड्यांना कळलं की लगाम ओळखीच्या हातात नाही आणि ते उधळले. रथ कधी वर तर कधी पृथ्वीच्या इतका जवळ की रानं पेटली, नद्या आटल्या. शेवटी झ्यूसने वज्र फेकलं आणि पोरगं जळत जळत एरिडॅनस नदीत पडलं. तीच ही नदी, आकाशात ठेवलेली.

मला मात्र यातला पुढचा भाग जास्त लागतो. त्याच्या बहिणी, हेलिआडीस, नदीकाठी येऊन रडत बसल्या. किती दिवस रडल्या, उठेचनात, शेवटी त्यांची झाडं झाली, पॉप्लरची, आणि झाडं होऊनही रडणं थांबलं नाही, खोडातून आसवं गळत राहिली आणि ती गोठून तृणमणी, म्हणजे अंबर, झाले. आमच्या परसात काजू आहेत, खोडाला चीर गेली की पिवळा डिंक येतो आणि उन्हात गोठून काचेसारखा होतो. लहानपणी नखाने काढून हातात घेऊन उजेडात धरायचो. ही कथा वाचल्यापासून तो डिंक बघितला की मला त्या बहिणी आठवतात.

अण्णा_बाणकोट

कथा उत्तम सांगितलीत माई. पण मला एक खटकतं, एरिडॅनसला यमुना कशाला म्हणायचं? ग्रीकांची नदी ती ग्रीकांची. नंतरच्या लोकांनी ती इटलीतली पो नदी ठरवली, ग्रीक पंडित एरॅटॉस्थेनिस म्हणाला नाईल, कारण दक्षिण-उत्तर जाणारी दुसरी नदी त्याला माहीत नव्हती, आणि इतिहासकार हेरोडोटसने तर अशी नदी आहे यावरच विश्वास ठेवला नव्हता. तिकडेच एकमत नाही, त्यात आपण मथुरेची यमुना आणून ठेवली. मूळ नाव तसंच ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?

मास्तर_रत्नांग्री

अण्णा, मी या नावाच्या बाजूने आहे आणि मनापासून आहे. मराठी खगोलाच्या पुस्तकांत हे नाव कुणी आणि काय विचार करून ठेवलं त्यात मी शिरत नाही, पण बसलंय किती चपखल बघा. यमुना कोण? सूर्याची मुलगी. यमाची बहीण. आणि भाऊबीज कशावरून आली? यम यमुनेकडे जेवायला गेला, तिने ओवाळलं, त्यावरून. आता माईंनी सांगितलेली कथा परत वाचा. सूर्याचा मुलगा, सूर्याच्या मुली, नदी, आणि मरण. तिकडे भाऊ मेला म्हणून बहिणी नदीकाठी रडतात, इकडे बहीण स्वतःच नदी आहे आणि भाऊ प्रत्यक्ष मृत्यू, आणि तरी ती त्याला पाटावर बसवून जेवू घालते. दोन्ही कथा एकमेकींपासून आल्या असं मी अजिबात म्हणत नाही. पण ओळखीची वाटतात, आणि भाऊबीज झाली की महिनाभरात ही नदी संध्याकाळच्या आकाशात वर येते, हे मी वर्गात सांगतो तेव्हा पोरं एकदम गप्प होतात.

अजून एक. फेथॉनसारखी कथा आपल्याकडे नाही असं वाटत असेल तर संपाती आठवा. सूर्याचा सारथी अरुण, त्याचे दोन मुलगे संपाती आणि जटायू. दोघं चढाओढीने सूर्याकडे उडाले, जटायू उन्हाने कासावीस झाला तेव्हा संपातीने त्याच्यावर आपले पंख धरले. पंख जळाले आणि तो विंध्यावर कोसळला. तिथे बापाचा रथ न झेपून पडलेला मुलगा, इथे धाकट्यावर सावली धरून पडलेला थोरला. आणि ताई, तुम्ही अग्रनद पाहिलात ना, त्याच्या शेजारीच जो फिनिक्स तारकासमूह आहे त्याला मराठीत जटायू म्हणतात!

अण्णा_बाणकोट

मास्तर, संपाती माझ्या डोक्यातच आला नव्हता. मान्य. आणि आता लिहिताना सुचलं, आमची सावित्री महाबळेश्वरला उगम पावून इथे बाणकोटला समुद्राला मिळते. सावित्री म्हणजे सवित्याची, म्हणजे तीसुद्धा सूर्याचीच लेक. इतकी वर्षं तिच्या काठावर राहतो, नावाचा असा विचार कधी केला नव्हता. यमुना नावाबद्दलची तक्रार मागे घेतो.

रेवदंड्याचा

मुखाबद्दल थोडं लिहितो कारण मला यातलं तेच सगळ्यात मोठं वाटतं.

ही नदी ग्रीक खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीच्या ४८ तारकासमूहांत आहे, म्हणजे दुसऱ्या शतकातली यादी. पण त्याची नदी अग्रनदापर्यंत जात नव्हती. ती अकामार नावाच्या ताऱ्यापाशी संपत होती, आत्ताच्या अग्रनदाच्या बरीच वर, रत्नागिरीहून ३२-३३ अंश उंचीवर दिसते तिथे. अकामार आणि अग्रनदाचं अकर्नार हे नाव, दोन्हींचं मूळ अरबी एकच, ‘नदीचा शेवट’. पुढे नदी लांबवली तेव्हा तेच नाव खालच्या ताऱ्याला दिलं.

टॉलेमी अलेक्झांड्रियाला होता, ३१ अंश उत्तरेला. पृथ्वीच्या अक्षाची जी सावकाश भोवऱ्यासारखी गिरकी चालते त्यामुळे तेव्हा अग्रनद आत्तापेक्षा दहा अंश दक्षिणेला होता, म्हणजे अलेक्झांड्रियाच्या क्षितिजावर तो कधी येणंच शक्य नव्हतं. त्याला नदीचं मुख दिसलंच नाही.

आता हे बघा. याच टॉलेमीने आपल्या भूगोलाच्या ग्रंथात कोकण किनाऱ्याची बंदरं नोंदवलीत. त्यात सोपारा आहे आणि सिमुल्ला आहे, हे सिमुल्ला म्हणजे आमचं चौल असं मानतात. खाडीच्या तोंडाला रेवदंडा, त्याला लागूनच चौल. मी हिशेब केला, त्या काळी चौलहून अग्रनद क्षितिजाच्या चार अंश वर येत होता. फार खाली आहे, पण समुद्रावर, स्वच्छ हवेत, एवढा तेजस्वी तारा दिसतो. म्हणजे ज्या माणसाला चौलचं नाव माहीत होतं त्याला जो तारा माहीत नव्हता तो चौलच्या धक्क्यावर गलबत लावणाऱ्याला समोर दिसत असणार. त्याने त्याला काय नाव दिलं असेल हे मात्र कुठे लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही, आणि ते मला फार जाणवतं.

युरोपच्या नकाशात हा भाग आला तो १५९५ च्या डच सफरीत दक्षिणेचे तारे नोंदले गेले त्यानंतर; ताऱ्यांचे नकाशे काढणाऱ्या बायरच्या १६०३ च्या नकाशात तो आहे.

रापणीचो_झील

माझा आजा रापणीक जाय. आकाशातला त्येका बरा कळायचा. अग्रनद बिग्रनद नाव न्हवता त्येच्याकडे, पण थंडीत दर्यावर दक्षिणेक बोट करून म्हणायचो, “तो बघ, एकटोच आसा थंय.” आजूबाजूक दुसरो तेजाचो तारो नाय म्हणान एकटो. आज कळला तो खयचो तो.

कातळफूल

झिला, तुझ्या आजोबांचं वाक्य मी वहीत लिहून घेतलंय. त्या रात्री माझ्याही मनात पहिलं हेच आलं होतं, एकटाच आहे म्हणून.

मास्तर_रत्नांग्री

शाळेतल्या मुलांसाठी या नदीत एक तारा फार कामाचा आहे, एप्सिलॉन एरिडॅनी. तिमिंगलाकडच्या वळणाजवळ, प्रत ३.७, अंधाऱ्या जागेहून डोळ्यांनी दिसतो. अंतर १०.५ प्रकाशवर्षं. पाचवीतली मुलं दहा-साडेदहा वर्षांची असतात. मी त्यांना सांगतो की तुझा जन्म झाला त्या सुमाराला हा उजेड तिकडून निघाला आणि आज तुझ्या डोळ्यात शिरला. गेल्या वर्षी एक मुलगी म्हणाली, मग मी निघाले तेव्हाच तो पण निघाला. माझ्याकडे त्यावर बोलायला शब्द नव्हते.

सूर्यासारखाच पण थोडा लहान, थंड आणि वयाने खूप तरुण. भोवती धुळीचं कडं आहे, एक ग्रहही आहे. १९६० साली फ्रँक ड्रेकने परग्रहावरच्या कुणाचे रेडिओ संदेश येतात का हे पहिल्यांदा ऐकायचा प्रयत्न केला, तेव्हा दोनच तारे निवडले होते, त्यातला हा एक. २०१५ मध्ये त्याला ‘रान’ हे अधिकृत नाव मिळालं. आपलं रान नव्हे, ही उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लोकांची समुद्रदेवी, बुडालेल्यांना जाळ्यात ओढून घेणारी. ग्रहाचं नाव एगिर, तिचा नवरा.

वेलदूरची_माई

जाळं टाकणारी देवी... आमच्याकडे नारळीपौर्णिमेला नारळ सोडताना बायका समुद्राला हात जोडून जे मागतात ते त्यांच्या बायकाही मागत असतील.

दुर्बीणवाला

काल रात्री दुर्बीण काढली. ४० एरिडॅनी बघितला, १६ प्रकाशवर्षांवर. डोळ्यांना साधा मंद तारा, पण दुर्बिणीतून बाजूला एक बारीक पांढरा ठिपका दिसतो. तो श्वेत बटू आहे, म्हणजे इंधन संपून आक्रसलेला तारा, आकार पृथ्वीच्या जवळपास आणि त्यात अर्ध्या सूर्याहून जास्त द्रव्य. खगोलशास्त्रज्ञ हर्शेलने १७८३ मध्ये ही जोडी पाहिली होती, तो काय प्रकार आहे ते कळायला विसावं शतक उजाडलं. छोट्या दुर्बिणीतून सगळ्यात सहज दिसणारा श्वेत बटू हाच, व्याधाचा जोडीदार व्याधाच्या झगमगाटात हरवतो. अकामारही बघितला, एक तारा दिसतो पण दुर्बिणीत लख्ख दोन होतात. जुन्या नदीच्या मुखाशी दोन दिवे. साडेनऊनंतर मात्र समुद्रावर मोठ्या लाइटच्या बोटी आल्या आणि नैर्ऋत्येचं क्षितिज पिवळं झालं. अशा लाइटने मासे खेचायला बंदी आहे, तरी येतात. मासा जातोच, आकाशही जातं.

गिरगाव_ते_गावखडी

गावी आलोय. गावखडीच्या वाळूवर आत्ता उभा आहे, साडेदहा वाजलेत. मास्तर, दुर्बीणवाले, दिसला!! आणि एकटा नाही हो, मीनास्य तारा नैर्ऋत्येला खाली, अग्रनद दक्षिणेला आणि सुरूच्या बनावर आत्ताच वर आलेला अगस्ती, तिघं एका रांगेत, क्षितिज धरून. मधला अग्रनद दोघांपासून सारख्याच अंतरावर. बाबांना फोन करून बाहेर बोलावलंय, स्वेटर घालून येतायत.

कातळफूल

मंडळी, काल आम्ही परत सड्यावर गेलो, या वेळी लेकीला दुपारी झोपवून आणि आबांना घेऊन. त्यांचं वय ७८, गुडघे दुखतात, पण जांभ्याच्या दगडावर गोधडी टाकून बसवलं. दुर्बीणवाल्यांनी सांगितलेल्या वाटेने गेलो. कुर्सा सापडला, होडी सापडली, मोठ्या वळणावर दोनदा चुकलो. आबांना मधले बारीक तारे दिसत नव्हते, तर ते म्हणाले तू सांगत जा, मी ऐकत जातो. मग मी बोटाने दाखवत बोलत गेले, अकामारपर्यंत, आणि तिथून खाली. अग्रनद त्यांना आपणहून दिसला.

माझा दादा बोटीवर असतो, सध्या केपटाऊनला लागलीय. या भाऊबीजेला आला नव्हता. त्याला तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. त्याला सगळं सांगितलं, सूर्याची लेक वगैरे. तो डेकवर आला, फोन वर धरला, स्क्रीनवर काळ्याशिवाय काही दिसलं नाही, पण म्हणाला, दिसतोय गं, खूप वर आहे इथे. इथे तो मावळतच नाही, वर्षभर आभाळातच असतो.

आमच्याकडचा पावणेएकला पाण्यात गेला. शेवटी लाल झाला होता. आबा तो पूर्ण जाईपर्यंत उठले नाहीत.